आधी दृढ, मग नम्र

तंजावरला श्वार्ट्झ पाद्र्यांच्या थडग्यावर एक शिळा आहे. तिच्यावर इंग्रजी पद्याच्या काही ओळी कोरल्या आहेत. त्या रचल्या कुणा इंग्रजाने नव्हे, तर भोसल्यांच्या तंजावर शाखेचे राजे दुसरे सरफोजी यांनी. गुरूचे गुण सांगायला बसल्यावर राजांना पहिला शब्द सुचला तो दृढतेचा. नम्रता त्याच्या मागोमाग येते आणि शहाणपण तिसरे. काव्य म्हणून ओळी बेताच्याच आहेत. यमक जुळवताना शब्द असे मागेपुढे झाले असतील, असेही कुणी म्हणेल. म्हणो बापडा. पण ज्या राजांनी या माणसाला लहानपणापासून जवळून पाहिले, त्यांना 'दृढ' आणि 'नम्र' हे शब्द शेजारी मांडताना काही विजोड वाटले नाही, एवढे तर दगडावरच लिहिलेले आहे.

आज ते आपल्याला विजोड वाटते. ख्रिस्ती धर्मातली नम्रता म्हणजे स्वत्वाला तिलांजली, ही समजूत आपल्याकडे चांगलीच मुरली आहे. गंमत अशी की ती दोन विरुद्ध गोटांत सारखीच नांदते. टीकाकार म्हणतात, हा धर्म माणसाला वाकवतो आणि वाकवता वाकवता पुसून टाकतो. काही भाविक म्हणतात, अगदी बरोबर, स्वतःला पुसून टाकणे हीच खरी भक्ती. एक जण त्याला दोष म्हणतो, दुसरा गुण. दोघांचे गृहीतक एकच. माझे भांडण त्या गृहीतकाशी आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग त्याला लोळवायचे, हा खंडनाचा सवंग प्रकार झाला. तेव्हा तो आहे त्या ताकदीने मांडतो.

पहिला मुद्दा धर्माच्या भाषेचा. ख्रिस्ती प्रार्थनेत माणूस स्वतःला पापी म्हणतो, दास म्हणतो. मागे यायचे असेल तर स्वतःला नाकार, अशी येशूची अटच आहे. डेव्हिड ह्यूम यांनी १७५१ साली नम्रतेला मठवासीयांच्या निरुपयोगी सद्गुणांच्या यादीत बसवले. नीत्शे यांनी १८८७ साली पुढची पायरी गाठली. दुबळ्यांनी आपल्या दुबळेपणालाच सद्गुण ठरवले, असा त्यांचा आरोप. दुसरा मुद्दा आपल्या डोळ्यांदेखतच्या इतिहासाचा. धर्म बदलला की नाव बदलते, पेहराव बदलतो, नातलग तुटतात. नीळकंठशास्त्री गोरे नहेम्या गोरे झाले. तंजावरची एक मराठी ब्राह्मण विधवा क्लारिंदा झाली. तिचे मूळ नाव कोकिळा होते असे परंपरा सांगते, म्हणजे ते नाव उरले फक्त परंपरेत. तिसरा मुद्दा सर्वांत बोचरा आहे. मिशनऱ्यांची नम्रता हा डाव होता आणि त्या डावामागे कंपनीच्या तोफा होत्या. जो स्वतः लवून दाखवतो, तो समोरच्याला दुप्पट लववतो.

यातला एकही मुद्दा पोकळ नाही. म्हणूनच त्यांना उत्तर द्यावेसे वाटते.

भाषेपासून सुरुवात करू. येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट ख्रिस्ती नम्रतेचे आद्य उदाहरण म्हणून सांगतात. सांगणारे बहुतेक जण ती कमरेला रुमाल बांधण्यापासून सुरू करतात. योहानकृत शुभवर्तमान तिथून सुरू करत नाही. तेराव्या अध्यायात लेखक आधी सांगतो की पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जाणार आहोत, हे येशूला ठाऊक होते. त्यानंतर तो भोजनावरून उठतो, बाहेरची वस्त्रे काढून ठेवतो, रुमाल कमरेला बांधतो, गंगाळात पाणी ओततो. आपण कोण, हे कळल्यावरचे वाकणे आहे हे. ते वाक्य गाळले तर उरतो तो फक्त पाय धुणारा नोकर. टीकाकारांनी आणि भाविकांनी मिळून तेच वाक्य गाळले आहे.

आता 'स्वतःला नाकारणे'. मार्ककृत शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद इथे येते, तेच पुढे पेत्राच्या बाबतीत येते. कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील, असे येशू त्याला सांगतो तिथे. पेत्राने नाकारले म्हणजे काय केले? या माणसाशी माझा संबंध नाही, असे सांगितले. त्याने येशू नाहीसा झाला का? नाही. तुटली ती निष्ठा. त्याच अर्थाने स्वतःला नाकारणे म्हणजे 'मी' या धन्याची चाकरी सोडणे. चाकरी सोडली म्हणून कुणाचा धनी मरत नाही आणि चाकरही नाहीसा होत नाही.

पौलाची साक्ष तर मला फारच आवडते. फिलिप्पै शहरात त्याला आणि सीलाला चौकशीशिवाय छड्या मारून तुरुंगात टाकले, पाय खोड्यात अडकवले. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला, त्यांना सोडून द्या. स्वतःला पुसून टाकलेला माणूस मुकाट निघून गेला असता. पौल हटून बसला. आम्ही रोमी नागरिक, चारचौघांत आम्हाला मारले आणि आता गुपचूप घालवता काय, ते स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढोत, असा त्याचा सूर होता. अधिकाऱ्यांना यावे लागले. पुढे याच पौलाने ख्रिस्ताने स्वतःला रिक्त करून दासाचे रूप घेतल्याचा तो विख्यात उतारा लिहिला. ते पत्र कोणत्या शहराला होते? फिलिप्पैलाच. ज्या गावाने त्याला ताठ बसलेला पाहिले, त्याच गावाला त्याने नम्रता शिकवली आणि वाचणाऱ्या कुणालाही ते ढोंग वाटले नाही. नीत्शे यांच्या सिद्धान्तात हा मनुष्य कुठे बसवायचा, हे वाचकांनीच ठरवावे.

आता डावाचा आरोप. इथे तंजावरला गेल्याशिवाय भागत नाही.

क्रिस्टियन फ्रीडरिख श्वार्ट्झ १७२६ साली प्रशियात जन्मले, हाले येथे शिकले आणि १७५० साली तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत उतरले. म्हणजे ह्यूम साहेब नम्रतेला निरुपयोगी ठरवत होते, तेव्हा हा गृहस्थ तमिळ शिकत बसला होता. पुढे पोर्तुगीज, फारसी, हिंदुस्थानी आली. तंजावरच्या दरबारासाठी मराठीही आली. १७७८ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १७९८ पर्यंत, त्यांचे ठाणे तंजावरच होते. १७७९ साली मद्रासच्या गव्हर्नराने त्यांना हैदर अलीकडे श्रीरंगपट्टणला बोलणी करायला पाठवले. हैदरने वाटखर्चासाठी ३०० रुपये दिले. श्वार्ट्झ यांनी ते मद्रास सरकारच्या हवाली केले आणि मग त्यांतून तंजावरला अनाथ मुलांसाठी शाळा काढायची परवानगी मागितली. कंपनीला त्यांचा उपयोग झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. बोलणी कंपनीची होती आणि १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार कंपनीच्याच घशात गेला. पण प्रश्न माणसाच्या नम्रतेचा आहे. डाव ओळखायची जुनी कसोटी एकच, पदरात काय पडले?

१७८७ साली तुळजाजीराजे मृत्युशय्येवर होते. दत्तक घेतलेला नऊ वर्षांचा सरफोजी त्यांनी श्वार्ट्झ यांच्या ओटीत घातला. राज्याची सूत्रेच हाती येत होती. श्वार्ट्झ यांनी ती नाकारली आणि राजांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांच्याकडे कारभार द्यावा असे सुचवले. डाव खेळणारा माणूस हातात आलेले राज्य सोडतो काय?

इथे माझ्याच पक्षाला अडचणीचा भाग सांगितला पाहिजे. तो सल्ला फसला. अमरसिंह स्वतःच गादीवर बसले. दत्तक अशास्त्रीय असल्याचा पंडितांचा अभिप्राय कंपनीने उचलून धरला. लहान सरफोजीला कोंडून ठेवले गेले, शिक्षण बंद पडले. 'पाहा, नम्रतेने पोराचे नुकसान केले' असे कुणी म्हटले, तर त्या क्षणापुरते ते खरे आहे. पण गोष्ट तिथे थांबत नाही. सत्ता नको म्हणणारा हा म्हातारा अन्याय दिसताच कंपनीकडे पत्रांमागून पत्रे पाठवू लागला, मुलाची बाजू मांडू लागला, दत्तकाच्या निर्णयाला आव्हान देऊ लागला. १७९३ साली सरफोजी मद्रासला सुरक्षित पोहोचले आणि १७९८ साली गादीवर बसले. ते पाहायला श्वार्ट्झ उरले नव्हते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ते वारले होते. स्वतःसाठी काही न मागणारा माणूस दुसऱ्यासाठी भांडायला उठतो, तेव्हा त्याला वाकलेला म्हणायचे की ताठ?

शिवाय शिष्य ख्रिस्ती झाला का? नाही. ही नम्रता म्हणजे गळ असता, तर सर्वांत मोठा मासा सुटला असे म्हणावे लागेल. सरफोजीराजे १८२० ते १८२२ या काळात काशीयात्रा करून आले. गुरूबद्दलचा आदर मात्र त्यांनी उघड्यावर मांडला आणि तो कसा मांडला, हे जवळून पाहण्यासारखे आहे.

शिवगंगा तळ्याकाठच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये संगमरवरी शिल्पपट आहे. राजांनी तो लंडनच्या जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेतला. १८०७ साली तो बसला. मरणोन्मुख पाद्री पलंगावर आहेत, शाळेची मुले पलंगाला बिलगली आहेत आणि राजे त्यांचा हात हातात घेऊन उभे आहेत. उभे आहेत हे पुन्हा वाचा. डोक्यावर पगडी आहे, गुडघा टेकलेला नाही, मान शरणागताची नाही. गुरू आडवा आणि शिष्य उभा. पैसे राजांचे, कल्पना राजांची. आपल्या गुरूपुढे आपण कसे दिसावे, हे ठरवायचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला होता आणि त्यांनी हे रूप निवडले.

या चर्चपासून मोठे देऊळ चालत काही मिनिटांवर आहे. त्याच राजांनी चारच वर्षे आधी, १८०३ साली, बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा सबंध इतिहास मराठीत कोरून घेतला होता. भिंत वाचत वाचत पुढे सरकावे लागते, एवढा तो लेख लांब आहे. एका दगडावर 'आम्ही कोण' आणि दुसऱ्यावर 'आमच्यावर कुणाचे ऋण'. श्वार्ट्झ यांच्या हाताखाली वाढलेल्या मुलाचे स्वत्व पुसले गेले असते, तर पहिला लेख कोरलाच गेला नसता. ते फुगले असते, तर दुसरा दगड आला नसता. एवढा पुरावा मला पुरतो.

यावर प्रतिपक्ष एक रास्त प्रश्न विचारील. राजा बाटलाच नाही, त्याचे स्वत्व राहिले यात नवल काय? जे बाटले त्यांचे सांगा.

सांगतो. आधी घरचेच. रेव्हरंड टिळकांचे नाव नारायण वामन. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही ते नारायण वामनच राहिले. बायकोही पुढे ख्रिस्ती झाली आणि राहिली लक्ष्मीबाईच. विष्णूची दोन नावे आणि त्याच्या पत्नीचे एक, अशी नावे घेऊन हे जोडपे ख्रिस्ती मंडळीत वावरले आणि कुणाला त्यात विटाळ वाटला नाही. टिळकांच्या अभंगांची मुद्रा 'दास म्हणे' अशी. लोक 'दास' पाहतात आणि 'म्हणे' विसरतात. पुसला गेलेला माणूस काही म्हणत नाही. हा दास एवढे म्हणाला की १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभारून बसला. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या भगिनींनी गळ्यात घालायला सांगितलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, हा प्रश्न विचारायला त्या कचरल्या नाहीत. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडाखाली जायची त्यांची तयारी नव्हती. पुढे त्यांनी बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणले. आणि ती क्लारिंदा? नाव बदलले, हे खरे. पण पाळैयंकोट्टैला १७८५ साली चर्च उभे राहिले ते तिच्या पैशाने. १७९० साली तंजावरला दीक्षा घेतलेले सत्यनाथन पिळ्ळै तिथे पाठवले गेले, तेव्हा तिने जमवलेली मंडळी आधीच होती. पुसलेल्या बाईची ही कामगिरी म्हणायची का?

मात्र खरी परीक्षा वेदनायगम शास्त्रींपाशी आहे. त्यांच्या बाबतीत माझ्या पक्षाला घाम फुटतो.

शास्त्री १७७४ चे. बारा-एक वर्षांचे असताना श्वार्ट्झ यांनी त्यांना तंजावरला आणले, म्हणजे सरफोजीराजांचे ते एका अर्थी गुरुबंधू. तमिळ ख्रिस्ती माणूस 'वेद' म्हणतो तेव्हा त्याला बायबल अभिप्रेत असते. नावातच ते घेऊन हा कवी वावरला. देवळांतून नाचल्या-गायल्या जाणाऱ्या कुरवंजी या नाट्यप्रकारात त्यांनी १८०० साली 'बेथलेहेम कुरवंजी' रचली. भविष्य सांगणारी डोंगरची कुरत्ती बेथलेहेमात आणली आणि जाता जाता नव्या खगोलाचे धडेही त्यात घातले. बृहदीश्वरावर कुरवंजी रचा असे राजांनी सांगितले तेव्हा त्यांनी नकार दिला, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, तंजावरला ती विश्वसनीय वाटली, यावरून माणूस कळतो.

१८२० च्या दशकात नव्या दमाचे मिशनरी आले आणि शास्त्रींचे त्यांच्याशी वाजले. मंडळीवर होणाऱ्या जुलमांची त्यांनी लेखी तक्रार मांडली. तक्रारी चार होत्या. बायबलच्या जुन्या तमिळ भाषांतरात फेरफार केला. लग्नात आणि मर्तिकात फुले बंद केली. उपासनेतून तमिळ पदे आणि वाद्ये हद्दपार केली. आणि वेगवेगळ्या जातींच्या लोकांना एकत्र आणण्याची सक्ती केली.

पहिल्या तिन्हींवर मी शास्त्रींच्या शेजारी उभा राहीन. आपल्या जिभेला सवय झालेले शब्द, मेलेल्यावर घालायची फुले, लेकीच्या लग्नातले सूर यांच्यात अहंकार तो कसला? 'नम्र व्हा आणि फुले टाका' असे म्हणणाऱ्या मिशनऱ्याला नम्रता कळलीच नव्हती. स्वतःची सवय त्याने देवाची आज्ञा म्हणून खपवली होती. स्वत्व पुसायचा हुकूम शुभवर्तमानाचा नव्हताच. तो एका विशिष्ट युरोपीय अभिरुचीचा होता. टीकाकारांचा दुसरा मुद्दा त्या अभिरुचीला लागू पडतो आणि तिथे मी तो बिनतक्रार मान्य करतो. शास्त्रींना मिशनच्या नोकरीवर पाणी सोडावे लागले. त्यांना आश्रय दिला तो ख्रिस्ती नसलेल्या गुरुबंधूच्या दरबाराने.

चौथी तक्रार मात्र वेगळी आहे. तंजावरच्या उपासनेत वरच्या जातीचे वेळ्ळाळ एका बाजूला आणि अस्पृश्य मानले गेलेले परैयर दुसऱ्या बाजूला बसत. श्वार्ट्झ यांच्याच काळात हे चालत होते आणि त्यांनी ते चालू दिले. माझ्या नायकावरचा हा डाग मला पुसता येत नाही. कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी १८३३ साली पत्रक काढून मंडळीतली जात मोडायला सांगितली, तेव्हा तंजावरचे कितीतरी कुलीन ख्रिस्ती बिथरले. शास्त्री त्यांचे पुढारी होते. जात हा आमच्या ओळखीचा भाग, भाषेसारखा आणि पेहरावासारखा, असे त्यांचे म्हणणे.

इथे प्रतिपक्ष मला कोंडीत पकडू पाहील. स्वत्व राखायचे म्हणता, मग शास्त्रींचे हेही स्वत्व राखा. नाही तर कबूल करा की नम्रता स्वत्व खातेच.

दोन्ही नाही. फुले माझी राहिली म्हणून शेजाऱ्याचे काही कमी होत नाही. पद तमिळ राहिले म्हणून परैयराला मंडळीबाहेर बसावे लागत नाही, उलट ते त्यालाही गाता येते. चौथ्या तक्रारीतली ओळख मात्र दुसऱ्याला दूर बसवल्याशिवाय उभीच राहत नाही. तिला 'मी' म्हणायला समोर कुणीतरी खालचा लागतो. शास्त्री दोन्हींना एकच नाव देतात, म्हणून त्या दोन गोष्टी एक होत नाहीत. ख्रिस्ती नम्रता जिथे हात घालते ती जागा हीच. पहिल्या तिन्हींना ती शिवत नाही, चौथीला सोडत नाही. शास्त्रींसारख्या बुद्धिमान माणसाला हा फरक दिसला नाही. का दिसला नाही, याचे उत्तर त्यांच्या पदांत नाही, बसण्याच्या जागेत आहे.

आणि त्या जागेविषयी साक्ष द्यायला मी शास्त्रींच्याच वेदाला बोलावतो, त्याच तेराव्या अध्यायाला. कमरेला रुमाल बांधलेला तो माणूस एकेकापाशी गेला. पेत्राने आधी पाय मागे घेतले, त्याचेही धुतले. यहूदा अजून उठून गेला नव्हता. त्याचे पाय त्याच गंगाळात, त्याच पाण्याने धुतले गेले.